उतारावरची बांगडी

१८९० साली बडोद्यात कलाभवन निघाले, तेव्हा शास्त्र मातृभाषेत शिकवावे असा प्रा. गज्जरांचा आग्रह होता. सावलीतल्या आपल्या घरांत नातवंडे शास्त्र गुजराती-इंग्रजीत शिकतात. एक प्रयोग तरी मराठीत करू.

एक टोक उचललेल्या फळीवरून बांगडी, कॅरमची सोंगटी आणि गोटी एकदम सोडा. न घसरता गडगडताना उंचीची ऊर्जा पुढे जाण्यात आणि फिरण्यात वाटली जाते. बांगडीचे वस्तुमान सारे कडेला, म्हणून तिची निम्मी ऊर्जा फिरण्यातच जाते. सोंगटीची एक तृतीयांश, गोटीची दोन सप्तमांश. २० सेंटिमीटर उतरल्यावर वेग सेकंदाला १.४०, १.६२ आणि १.६७ मीटर. वजन समीकरणात दोन्हीकडे येऊन छेदले जाते. म्हणून जड बांगडीही मागेच राहते. नातवाने ‘का?’ विचारले, तर उत्तर आता आपल्या भाषेत आहे.