चिखलावर तरंगणारा रस्ता

सॉइल मेकॅनिक्सच्या ओरलला एक्स्टर्नलनी विचारलं, "मातीतलं वॉटर कंटेंट जास्तीत जास्त किती असू शकतं?" मी एकदम कॉन्फिडन्टली सांगितलं, "सर, शंभर टक्के." सर नुसते हसले. "पीटमध्ये पाचशे टक्केसुद्धा असतं. वाच जरा." मार्क गेले ते गेलेच, पण मी खरंच लायब्ररीत जाऊन वाचलं.

गोम अशी, की हे प्रमाण कोरड्या मातीच्या वजनाशी काढतात. पाचशे टक्के म्हणजे एक किलो कोरड्या मालामागे पाच किलो पाणी! पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पती. अगदी ओला स्पंज. वर भराव टाकला की पाणी हळूहळू पिळून निघतं आणि जमीन खचते. घाईने टाकला तर भराव आत रुततो आणि बाजूची जमीन वर फुगते. आपण मुरूम आणि काळ्या दगडावर वाढलेली माणसं. खचलं की भर टाकायची, एवढंच आपल्याला माहीत. इथे नेमकं तेच चुकतं. भर म्हणजे आणखी वजन! आयर्लंडमध्ये कोर्लीया इथे इ.स.पू. १४८ मध्ये ओकच्या फळ्यांचा रस्ता बांधला होता. तो काही वर्षांतच स्वतःच्या वजनाने दलदलीत गेला.

मग करायचं काय? जॉर्ज स्टीफन्सनची गोष्ट मला फार आवडली. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या वाटेत चॅट मॉस नावाची प्रचंड दलदल होती. शहाणा इंजिनिअर तिथून लाइन नेणारच नाही, अशी साक्ष १८२५ मध्ये पार्लमेंटच्या कमिटीपुढे झाली होती. स्टीफन्सनने चर खणून पाणी काढलं. चर पुन्हा बुजायचे, तर डांबराची रिकामी पिंपं एकापुढे एक जोडून त्यांची गटारं केली. मग फांद्यांचे तट्टे विणून, हेदर नावाची झुडपं पसरून त्यावर रूळ टाकले, म्हणजे वजन पसरलं. मँचेस्टरच्या बाजूला मात्र भराव लागत होता आणि टाकलेली माती आठवडेच्या आठवडे गडप व्हायची. डायरेक्टर घाबरले, तो हटला नाही. १८३० मध्ये लाइन सुरू झाली.

दुसरी युक्ती नॉर्वेची. ऑस्लोजवळ फ्लोम इथे पीटवरचा, पुलालगतचा रस्ता सारखा खचत होता. १९७२ मध्ये तिथला जड भराव काढून चक्क थर्माकोलचे ठोकळे घातले! हो, आपण गणपतीची मखरं करायचो तेच. एका घनमीटरचं वजन जेमतेम २० किलो, म्हणजे ओल्या मातीच्या साधारण शंभरावा भाग. भानगडी आहेतच. पेट्रोल सांडलं तर थर्माकोल विरघळतो, म्हणून वर काँक्रीटचा स्लॅब घालतात. पूर आला तर सगळंच वर तरंगायला नको, तेही हिशेबात धरावं लागतं.

तिसरा उपाय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कंटाळवाणा: रस्त्यापेक्षा जास्त वजन आधीच, टप्प्याटप्प्याने टाकायचं, महिनोन् महिने थांबायचं, जमीन बसली की जादा भर काढून घ्यायची.

चॅट मॉसवरून आजही रोज गाड्या धावतात. आता तर विजेच्याही.