ड्रेसिंगरूमशेजारची खोली

डोकेदुखी आणि झोप न लागणे, या तक्रारी घेऊन एक बाई वर्षभरात चार-पाच वेळा माझ्याकडे आल्या. दर वेळी मी गोळ्या लिहून दिल्या. एकदा मनगट सुजलेले होते. "मोरीत घसरले," म्हणाल्या. नवरा शेजारीच उभा होता. मी पुढे काही विचारले नाही. त्यानंतर त्या आल्याच नाहीत. याची लाज मला आजही वाटते.

पुढे आम्ही रुग्णालयातच समुपदेशनाची खोली सुरू करायचे ठरविले. उदाहरण समोर होते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका व 'सेहत' संस्थेने २००० साली 'दिलासा' केंद्र उभारले. विचार साधा आहे. पोलीस चौकीची पायरी चढायला बाई घाबरते, दवाखान्यात मात्र ती येतेच.

पहिली चूक पाटीची झाली. दारावर 'कौटुंबिक हिंसाचार' असे ठळक रंगविले आणि महिनाभर कोणी फिरकले नाही. गावात कोण कोणत्या दारातून आत गेले हे लपत नाही! पाटी काढली, खोली ड्रेसिंगरूमशेजारी नेली.

आता संशय आला की नातेवाइकांना बाहेर बसवून सिस्टर सरळ विचारतात, "घरी कोणी मारतं का?" बऱ्याच जणी पहिल्यांदा नाहीच म्हणतात. हरकत नाही. जखमा आणि तिचे शब्द केसपेपरवर नीट लिहितो. पुढे कोर्टात तो कागद कामी येतो. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून 'समेट' आम्ही करीत नाही. इथे बोललेल्याची शिक्षा तिला रात्री घरी मिळते. दारू सुटली की हातही थांबेल, असे मानणेही चुकीचे.

मुलांचे दुखणे वेगळेच. पोट दुखते, तपासणीत काही सापडत नाही. मोठे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते. दर वेळी कारण हेच असते असे नाही, पण विचारायला हवे. अशी मुले बहुधा स्वतःलाच दोषी धरतात. चित्रे काढता काढता ती बोलू लागतात, आणि 'यात तुझी काही चूक नाही' हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

२००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यानुसार पीडित स्त्रीने मागितल्यास रुग्णालयाने उपचार दिलेच पाहिजेत, आणि राहत्या घरातून तिला हुसकावता येत नाही. रुग्णालय गाठणे शक्य नसेल, तर १८१ या क्रमांकावर फोन करावा. फोन शेजारणीचा असला तरी चालतो.