मनाचे डॉक्टर नेमके कोण?

छत्रपती संभाजीनगरातील विद्यार्थ्याच्या कानावर ‘काउन्सेलिंग’ हा शब्द पहिल्यांदा पडतो तो बहुधा नीट किंवा सीईटीनंतरच्या प्रवेशफेरीच्या निमित्ताने, त्यामुळे समुपदेशक म्हणजे शाखा आणि कॉलेज निवडायला मदत करणारा माणूस, अशी समजूत घेऊनच तो पदवीच्या वर्गात येतो. दुसऱ्या टोकाला ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्द असतो आणि त्याला ‘वेड्यांचा डॉक्टर’ ही जुनी ओळख चिकटलेली असते. येरवड्याच्या मनोरुग्णालयाचे नाव टोमणा म्हणून वापरण्याची महाराष्ट्राची सवय अजून गेलेली नाही. वृत्तपत्रेही हाच एक शब्द औषध देणाऱ्या डॉक्टरसाठी आणि मानसशास्त्राच्या पदवीधरासाठी सरसकट वापरतात.

वास्तविक यांचे शिक्षण आणि अधिकार वेगळे आहेत. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी किंवा पदविका घेतलेला डॉक्टर असतो, म्हणून तो आजाराचे निदान करून औषध लिहू शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. मानसशास्त्रात एमए केल्यावर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला एम.फिल.सारखा अभ्यासक्रम त्याने पूर्ण केलेला असतो, आणि मानसिक चाचण्या व संवादातून होणारी मानसोपचार पद्धती हे त्याचे क्षेत्र असते. रुग्णाचे घर, पैसा आणि नातेसंबंध यांच्याकडे पाहणारा मनोविकार सामाजिक कार्यकर्ता या दोघांच्या जोडीला असतो, पण विद्यार्थ्यांना त्याचे नावही क्वचितच ठाऊक असते. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात या तिघांच्या व्याख्या आहेत, समुपदेशकाची मात्र नाही.

विद्यार्थी मात्र पदवीपेक्षा अडचणीनुसार विभागणी करतात: अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या 1970च्या दशकापासून झालेल्या पाहण्यांत करिअर व वैयक्तिक अडचणींसाठी समुपदेशक आणि गंभीर आजारासाठी मनोविकारतज्ज्ञ, अशी विभागणी आढळली. ही विभागणी अगदी चुकीची नाही, पण तिची उतरंड झाली की ती घातक ठरते, कारण मग डॉक्टरकडे जाणे म्हणजे आपण फार बिघडलो असा अर्थ घेतला जातो. आपल्याकडेही बीड-परभणीहून येऊन खोली करून राहणारा, झोप उडालेला, जेवण सुटलेला मुलगा नैराश्याच्या आजारातही केवळ धीराच्या शब्दांवर महिने काढतो आणि ज्याला चार बैठका पुरल्या असत्या तो गोळ्यांच्या भीतीने कोणाकडेच जात नाही. ही भीती फक्त लाजेपोटी नसते. आत गेल्यावर काय होईल याची माहितीच त्याला कोणी दिलेली नसते.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असे निर्देश दिले. त्या ‘किंवा’मुळे समुपदेशनाच्या खोलीत नेमके कोण बसले आहे, हे विद्यार्थ्याला दारावरच कळले पाहिजे: पदवी, ती व्यक्ती काय करते, काय करत नाही, बोललेले कोणापर्यंत जाते, आणि औषधाची गरज भासली तर शहरातील सरकारी घाटी रुग्णालयातील मनोविकारशास्त्र विभागात कोणत्या वेळी जायचे. तोवर रात्री-अपरात्री बोलायचे असेल तर 14416 हा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा मोफत क्रमांक मराठीतही उत्तर देतो.