कनोबेल्स : पुनर्जन्म पावलेल्या खेळांचे उपवन

पेनसिल्व्हेनियातील एलिसबर्गनजीकच्या वनराईत 1926 साली स्थापन झालेले, आणि अद्यापि संस्थापक घराण्याच्याच मालकीचे असलेले कनोबेल्स हे क्रीडोद्यान पाहताना प्रथम विस्मय वाटतो तो हा, की येथे प्रवेशशुल्काचा शिरस्ताच नाही. सॅन अँटोनिओत 1947 साली उभारलेला, पुढे बंद पडून बेवारस झालेला लाकडी रोलर कोस्टर या मंडळींनी सुटा करून आणला आणि 1985 साली ‘फिनिक्स’ या यथार्थ नावाने पुनश्च उभा केला; पोलादी राक्षसांपेक्षा मला तोच प्रिय. 2013 साली सुरू झालेल्या ‘फ्लाइंग टर्न्स’ला तर रूळच नाहीत, डबे लाकडी पन्हळीतून घरंगळतात. आता अन्यत्र मोडीत निघालेला एखादा जुना, काळोख्या बोगद्यातील नौकाविहार त्यांनी उद्धरावा, असे माझे स्वप्नरंजन आहे. वृक्षांना धक्का न लावता तो बसवावा कोठे, एवढीच पंचाईत!