रिपोर्ट फुटला, भरपाई कुणाला?

डिसेंबर 2016 मध्ये मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे 43 हजारांवर रिपोर्ट इंटरनेटवर उघडे पडलेले सापडले. रुग्णांच्या नावांसकट, आणि त्यांत एचआयव्हीचेही. पासवर्ड बदलता येतो. आजार जगाला कळला तो कळलाच. मग रुग्णाने दाद मागायची कुठे?

पहिली वाट माहिती तंत्रज्ञान कायद्याची. कलम 43अ म्हणते, कंपनीने संवेदनशील माहिती सांभाळण्यात हयगय केली आणि त्यातून तुमचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागेल. 2011 च्या नियमांनुसार वैद्यकीय नोंदी संवेदनशीलच. पाच कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतो. मात्र हयगय आणि नुकसान, दोन्ही दाखवावं लागतं.

दुसरी वाट ग्राहक आयोगाची. विश्वासाने दिलेली खासगी माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं ही 2019 च्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. समजा, तुम्ही रायपूरच्या भनपुरीत राहता आणि तपासणी मुंबईत केली होती. तरी मुंबई गाठायची गरज नाही. राहत्या जिल्ह्यात, म्हणजे रायपूरच्या आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पूर्ण मोफत उपचार असतील तर मात्र ही वाट सहसा बंद.

तिसरा, 2023 चा डेटा संरक्षण कायदा. सुरक्षेत कसूर केल्यास दंड 250 कोटींपर्यंत! ऐकायला छान. पण हा दंड जातो सरकारी तिजोरीत. रुग्णाला त्यातला एक रुपयाही नाही. शिवाय नोव्हेंबर 2025 च्या अधिसूचनेप्रमाणे अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये, हाच कायदा कलम 43अ रद्द करतो. तेव्हा भरपाईची पहिली वाट मिटेल.

म्हणून रिपोर्ट फुटल्याचं कळताच स्क्रीनशॉट, बिल, आलेले मेसेज तारखेसह जपा. लॅबला लेखी विचारा: काय फुटलं, कधी, कुणाकडे गेलं? पोच घ्या. दंड सरकार वसूल करील. भरपाई तुम्हालाच मागावी लागेल.