बिजागरीचं रिव्हॉल्व्हर

घोड्याजवळची कडी अंगठ्याने मागे ओढायची आणि नळी खाली दाबायची. रिव्हॉल्व्हर मधोमध उघडतं, सिलिंडरच्या मधली चकती वर येते आणि सहाही रिकामी काडतुसं एकदम बाहेर पडतात. नळी पूर्ण झुकली की चकती खटकन जागेवर बसते. ‘टॉप-ब्रेक’ रिव्हॉल्व्हरचं सगळं आकर्षण या एका हालचालीत आहे, आणि आज इटलीत बनणाऱ्या त्याच्या प्रतिकृतींना गिऱ्हाईक मिळतं तेही तिच्यामुळेच.

स्मिथ अँड वेसनने १८७०मध्ये ‘मॉडेल ३’ आणलं. त्याची कडी नळीवर होती. अमेरिकी घोडदळातल्या जॉर्ज स्कोफिल्ड या अधिकाऱ्याने ती चौकटीवर घेतली, म्हणजे लगाम न सोडता, नळी मांडीवर दाबून, एका हाताने रिव्हॉल्व्हर उघडता यावं. समोर स्पर्धेत होतं कोल्ट. त्यातून रिकामी काडतुसं दांडीने एकेक ढकलून काढावी लागत. तरीही सैन्यात टिकलं कोल्टच. स्कोफिल्डच्या नावाच्या या रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर आखूड, त्यात .४५ कोल्टचं लांब काडतूस मावेना. त्याच्यासाठी बनवलेलं आखूड काडतूस मात्र दोन्हींत चाले. सरहद्दीवरच्या ठाण्यांवर एकाची रसद दुसऱ्याकडे पोचू लागली आणि सैन्याने स्कोफिल्ड हळूहळू मोडीत काढलं. त्यातली काही वेल्स फार्गो कंपनीने घेतली आणि त्यांच्या सात इंची नळ्या पाच इंचांवर आणल्या.

एका काडतुसाच्या लांबीने हरलेलं हे यंत्र पुन्हा जन्माला आलं ते उत्तर इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पियात. बंदुका बनवणारी बेरेटाही याच खोऱ्यातली आणि उबेर्ती ही कंपनी आज तिच्याच समूहात आहे. १९५९पासून उबेर्ती जुन्या अमेरिकी शस्त्रांच्या प्रतिकृती बनवते. काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंगचे स्पर्धक आणि १९९२चा ‘अनफरगिव्हन’ चित्रपट पाहून स्कोफिल्डच्या प्रेमात पडलेले लोक तिचे गिऱ्हाईक. पण कोल्टच्या प्रतिकृतीपेक्षा स्कोफिल्ड बरंच महाग पडतं. अमेरिकेत हजार डॉलरच्या पुढेच.

ही किंमत मला अवाजवी वाटत नाही. कोल्टची चौकट सलग असते. इथे चौकटीचे दोन भाग बिजागरीने जोडलेले, आणि प्रत्येक गोळीचा धक्का त्या बिजागरीवर आणि कडीवर येतो. सांधा जरा सैल राहिला तर झीज लवकर होते, जास्त घट्ट बसला तर उघडताना अडखळतो. त्यात चकती वर उचलून परत सोडणारी यंत्रणा वेगळीच. पैसे मोजायचे ते या जुळणीचे.

माझी तक्रार दुसरीच आहे. ज्या .४५ कोल्टपायी मूळ स्कोफिल्ड मागे पडलं, बाजारात सहज मिळणारं तेच काडतूस मावावं म्हणून उबेर्तीने सिलिंडर लांब केलं. चौकट मात्र तेवढी वाढवली नाही. जागा कुठून काढली? सिलिंडरच्या तोंडाशी एक कडं असतं. स्फोटाचा वायू आणि काजळी ते आसापासून दूर ठेवतं. तेच आखूड केलं. धूररहित दारूने फारसं बिघडत नाही, पण काळी दारू भरली की थोड्याच गोळ्यांत काजळी धरते आणि सिलिंडर जड फिरू लागतं. म्हणजे ज्या काळाच्या ओढीने माणूस हे घेतो, त्या काळाचीच दारू त्याला सोसत नाही. स्मिथ अँड वेसनने स्वतः २०००मध्ये स्कोफिल्ड पुन्हा काढलं तेव्हा मूळचं आखूड काडतूसच ठेवलं. मला तो मार्ग जास्त सच्चा वाटतो, मग काडतुसं शोधत फिरावं लागलं तरी चालेल.

भारतात मात्र ही रचना हौसेची प्रतिकृती म्हणून बनली नाही. ब्रिटिश वेब्लीच्या धर्तीवरचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनत राहिलं. त्याच्या काडतुसांवर पुण्याच्या खडकीतल्या दारूगोळा कारखान्याचा ‘केएफ’ हा शिक्का दिसतो. सैन्य-पोलिसांचं .३८ बोअर सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, म्हणून .३२. २०१४मध्ये स्त्रियांसाठी म्हणून आलेलं ‘निर्भीक’ही असंच मधून उघडणारं, वजन अर्धा किलो, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. अमेरिकी गिऱ्हाईक त्या खटक्यासाठी हौसेने जास्त पैसे मोजतो. इथे परवानाधारकापुढे पर्यायच मोजके होते, आणि एवढी किंमत ज्या बाईला परवडेल तिच्यापेक्षा बसने रात्री घरी परतणारीला सुरक्षिततेची गरज कितीतरी जास्त होती.