तोडलेल्या उसांतील साखर कोठें जाते?

फडांत मोळ्या बांधून पडल्या आहेत, गाडी आज येईल, उद्यां येईल, अशी वाट पाहतां दोन दिवस गेले, तर वजन थोडें घटलें एवढेंच आपल्या नजरेस येतें. त्याच वेळीं साखरेची होणारी घट मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. तिच्यांतील कांहीं भाग उसाच्या अंगच्याच प्रथिनांमुळें घडतो. बाकीच्या नासाडीस मुख्यतः एक जंतु कारण आहे. त्याची ओळख आम्ही आमच्या वाचकांस करून देत आहों.

त्याचें नांव ल्यूकोनोस्टॉक. फ्रेंच शास्त्रज्ञ व्हान टिघेम यांनीं १८७८ सालीं हें नांव दिलें. बीटसाखरेच्या कारखान्यांत बेडकाच्या अंड्यांसारखा बुळबुळीत गोळा रसांत जमे, तो याचाच. हा जंतु मातींत व उसाच्या अंगावर असतोच. कोयत्यानें कापलेलें टोक त्यास आंत शिरण्यास पुरतें. (इडलीचें पीठ फुगविणारा जंतु तो हाच, तेथें त्याचे आभारच मानावयाचे.)

जंतूच्या देहाभोंवतीं पातळ पडदा असतो. साखरेचा कण त्यांतून सहज जात नाहीं. त्या त्या साखरेस ओळखून आंत घेणारीं प्रथिनें पडद्यांत द्वारपाळासारखीं बसलेलीं असतात. उसाची साखर म्हणजे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांची जोडी. हा जंतु कांहीं साखर तशीच आंत नेतो, परंतु पुष्कळशी बाहेरच फोडतो. त्याकरितां तो डेक्स्ट्रानसुक्रेज नांवाचें प्रथिन देहाबाहेर सोडतो. तें जोडी तोडतें आणि ग्लुकोजच्या कणास कण जोडीत लांबच लांब सांखळी करतें. हाच डेक्स्ट्रान नांवाचा डिंक. जोडी तुटतांना सुटणारी शक्तिच या कामीं पुरते, निराळा खर्च नाहीं! सुटलेलें फ्रुक्टोज आंत जातें व त्यांतून मॅनिटॉल होतें. म्हणून रसांतील मॅनिटॉल मोजून ऊस किती नासला हें ओळखतां येतें.

डिंकामुळें रस नीट गाळला जात नाहीं, साखरेचे दाणे सुईसारखे लांबट होतात व मळींत अधिक साखर राहते. शिवाय डेक्स्ट्रान साखरेच्या सुमारें तिप्पट प्रकाश वळवितो, त्यामुळें प्रकाशावरून गोडी मोजणाऱ्या यंत्रांत नासका रस अधिकच गोड दिसतो. उसाचा भाव कारखान्याच्या सरासरी उताऱ्याशीं बांधलेला असल्यानें एकाच्या शिळ्या उसाचा भुर्दंड सर्वांवर पडतो.

जळलेला किंवा तुकडे केलेला ऊस फार लवकर नासतो. तो आधीं पाठवावा. इतर ऊस शक्यतों २४ तासांत गाळला जावा. अडचण पडल्यास मोळ्या सावलींत रचून पाचटानें झांकाव्या. आणि गाडी नक्की झाल्यावांचून फडास कोयता लावूं नये.